क्रिकेटचं वेड चालतं, मग करबुडे बोगद्याचं का नको?

मारुती मंदिराजवळच्या टपरीवर एखाद्याने १९८३ च्या फायनलचा अख्खा धावफलक पाठ म्हणून दाखवला, तर त्याला कौतुकाने दुसरा कटिंग मिळतो. त्याच टपरीवर कोकण रेल्वेची स्टेशनं रोह्यापासून ओळीने म्हणायला घ्या. सगळे घड्याळ बघू लागतात. मी ऑटिस्टिक. मुक्काम रत्नागिरी, विषय कोकण रेल्वे, जोडविषय क्रिकेटवेड्या माणसांचं निरीक्षण. तज्ज्ञ मंडळी वर्षानुवर्षं आमच्या सवयींच्या नोंदी ठेवत आली आहेत. आता आमच्या वहीतल्या काही नोंदी वाचा.

१. चार खुणा, दोन पुरे

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या निदान-पुस्तिकेत (डीएसएम-५) ऑटिझमसाठी चार प्रकारच्या खुणा दिल्या आहेत: त्याच त्या हालचाली किंवा बोलणं, ठरलेल्या क्रमाचा हट्ट, एखाद्या विषयाचं प्रमाणाबाहेर वेड, आणि आवाज-उजेड-स्पर्श फार जाणवणं किंवा फारच कमी जाणवणं. चारांतल्या निदान दोन हव्यात. आता भारत-पाकिस्तान मॅचच्या दिवशी कुठल्याही दिवाणखान्यात डोकवा. एकच घोषणा शंभरदा, सोफ्यावरची जागा ठरलेली, विषय एकच, आणि कानठळ्या बसवणारा टीव्ही कोणाला जाणवतही नाही. चारही खुणा हजर! निदान एवढ्यावर होत नसतं, हे खरं. त्याला संवादातला आणि माणसांत मिसळण्यातला वेगळेपणा लागतो, तो लहानपणापासूनचा असावा लागतो आणि त्याची रोजच्या जगण्यात अडचण व्हावी लागते. पण अडचण कशाला म्हणायचं, हे बहुतेक वेळा शेजारी ठरवतात. अख्खी आळी तेच करत असेल तर अडचण कसली?

२. भारत जिंकला तो दिवस कोणाचा होता?

२ एप्रिल २०११. वानखेडेवर श्रीलंकेच्या २७४ धावा, धोनीचा तो षटकार आणि २८ वर्षांनी विश्वचषक. तारीख सगळ्यांना पाठ आहे. त्याच तारखेला जागतिक ऑटिझम जागरूकता दिन असतो, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. संयुक्त राष्ट्रांनी २००७ मध्ये ठराव केला आणि २००८ पासून तो पाळला जातो. थोडक्यात, ज्या दिवशी जगाने आमच्या कानांचा थोडा विचार करायचा, त्या रात्री देशाने पहाटेपर्यंत फटाके फोडले. तक्रार नाही, फक्त नोंद.

३. रत्नागिरी जिंकली, पण कुठे?

महाराष्ट्र प्रीमियर लीगचं पहिलं विजेतेपद २०२३ मध्ये ‘रत्नागिरी जेट्स’ने मिळवलं आणि २०२४ मध्ये राखलं. ऑटिस्टिक डोक्याला इथे लगेच प्रश्न पडतात. सामने पुण्याजवळ गहुंज्याला, खेळाडू राज्यभरातून आलेले. मग ‘आपण जिंकलो’ म्हणणारे साळवी स्टॉपवरचे काका त्या वेळी नक्की काय करत होते? भजी खात होते. पण त्यांच्या आनंदात खोट नव्हती. ज्या गोष्टीत आपला काडीचा हात नाही, तिच्यावर जीव टाकता येतो, हे कळणाऱ्या माणसाला माझं इंजिनांवरचं प्रेम कळायला काय हरकत आहे?

४. शून्यावर बाद होऊन अमर झालेला आकडा

ब्रॅडमनची कसोटी सरासरी ९९.९४. शेवटच्या डावात चार धावा झाल्या असत्या तर ती बरोबर शंभर झाली असती. १९४८ मध्ये ओव्हलवर एरिक हॉलीजने त्याला शून्यावर उडवलं. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी प्रसारण संस्थेचा पोस्ट बॉक्स क्रमांक ९९९४ आहे, तो याच आकड्यावरून घेतला असं सांगतात. आता माझा आकडा ऐका. रत्नागिरी सोडून गाडी निवसरकडे निघाली की पानवल नदीवरचा पूल लागतो. उंची ६४ मीटर, लांबी ४२४ मीटर. त्याच्या नावाचा पोस्ट बॉक्स नाही. खिडकीतून खाली बघताना पोटात गोळा येतो, तो मात्र फुकट मिळतो.

५. नऊ धावांची ठसठस

डिसेंबर १९४८, पुणे. महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३. ब्रॅडमनच्या ४५२ च्या तेव्हाच्या विश्वविक्रमाला फक्त नऊ धावा कमी. एवढ्यात राजकोटचे ठाकूरसाहेब, म्हणजे पाहुण्यांचे कर्णधार, सामना सोडून संघासह निघून गेले. झालं! विक्रम तसाच अर्धवट राहिला. ही हकीकत ऐकून क्रिकेटवाल्याच्या छातीत आजही कळ येते. ऑटिस्टिक मुलाला चित्रातला शेवटचा डबा रंगवायचा राहिलेला असताना ‘पुरे आता, जेवायला चल’ म्हटलं की नेमकी तीच कळ येते. त्याला हट्टी म्हणण्याआधी निंबाळकर आठवावेत.

६. सलग २१ षटकं, धाव एकही नाही

जानेवारी १९६४, मद्रास, इंग्लंडविरुद्धची कसोटी. आपले नाशिकचे बापू नाडकर्णी. एकाच टप्प्यावर चेंडू, पुन्हा तोच टप्पा, पुन्हा तोच. सलग २१ षटकं निर्धाव. डावाअखेर पृथक्करण ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, बळी शून्य. सरावात खेळपट्टीवर नाणं ठेवून ते त्याच्यावरच टप्पा टाकत, असं सांगतात. एखादं पोर अंगणात एकाच चिऱ्यावर तासभर चेंडू आपटत बसलं तर आई डॉक्टरांकडे नेईल. नाडकर्णींना मात्र लोकांनी डोक्यावर घेतलं, आणि ते योग्यच झालं.

७. एक पाय वर

इंग्लिश पंच डेव्हिड शेफर्ड धावसंख्या १११ झाली की एक पाय उचलून उभे राहत. २२२ ला पुन्हा तेच. तेंडुलकर डावं पॅड आधी बांधायचा. आणि आपल्या घरांतून? ‘तू आत गेलास तेव्हा सिक्स बसला, आता आतच बस’ असं म्हणून एका जाणत्या माणसाला मॅच संपेपर्यंत स्वयंपाकघरात कोंडलं जातं. मी रोज एकाच ताटात जेवतो, ते दिवसाच्या गोंधळात एक तरी गोष्ट जागेवर असावी म्हणून. माझ्या ताटाने लंडनमधला झेल सुटतो, असा माझा दावा नाही.

८. झोत एकच, पण लख्ख

एकाच विषयात असं बुडून जाणं का होतं? २००५ मध्ये दायना मरे, माइक लेसर आणि वेन लॉसन यांनी ‘मोनोट्रोपिझम’ हा विचार मांडला. त्यातले लॉसन स्वतः ऑटिस्टिक. मांडणी सोपी आहे: लक्ष ही मोजकी गोष्ट. बहुतेकांचं लक्ष एकाच वेळी चार ठिकाणी वाटलं जातं. आमचं लक्ष विजेरीच्या झोतासारखं एकाच जागी पडतं. तिथला कण न् कण दिसतो, आजूबाजूला अंधार. म्हणूनच विषयात बुडालेल्या मुलाला हाक ऐकू जात नाही आणि मध्येच ओढून काढलं तर ते कोसळतं. शेवटच्या षटकात कोणी टीव्हीसमोर येऊन उभं राहिलं की तुमचंही दुसरं काय होतं?

९. आवडता संघ निवडायचा तर नियमाने

जर्मनीतल्या जेसन या ऑटिस्टिक मुलाला विचारलं गेलं, तुझा आवडता फुटबॉल संघ कोणता? बाकीची पोरं वडिलांचा संघ घेऊन मोकळी होतात. जेसनने ठरवलं, सगळे संघ त्यांच्या मैदानात जाऊन पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. निकषही कडक: कापडी प्राण्याच्या वेशात नाचणारा शुभंकर नको, सामन्याआधी खेळाडूंनी गळ्यात गळे घालून गोल करायचा नाही, पर्यावरणाची काळजी हवी. बाप-लेक शनिवार-रविवार स्टेडियमं पालथी घालू लागले. त्यावर पुस्तक झालं, २०२३ मध्ये ‘वोखेनएंडरेबेलेन’ हा चित्रपटही आला. इतका विचार करून आपला संघ निवडलेला एक तरी क्रिकेटप्रेमी मला दाखवा.

१०. आमच्यातही खेळवेडे आहेत

ऑटिस्टिक माणूस म्हणजे मैदानाचा वैरी, हा गैरसमज. १५ फेब्रुवारी २००६ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या एका शाळेच्या बास्केटबॉल संघाचा ऑटिस्टिक व्यवस्थापक जेसन मॅकएलवेन याला प्रशिक्षकांनी शेवटच्या चार मिनिटांसाठी मैदानात उतरवलं. पहिले दोन फेक चुकले. मग त्याने २० गुण केले. आपल्याकडे मुंबईची ऑटिस्टिक जलतरणपटू जिया राय आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये वांद्रे-वरळी सी लिंक ते गेटवे, ३६ किलोमीटर, ८ तास ४० मिनिटं. २०२२ मध्ये पाल्कची सामुद्रधुनी, २०२४ मध्ये इंग्लिश खाडी. मांडवीच्या जेट्टीवर उभं राहून समुद्राकडे नुसतं बघत बसणाऱ्या आम्हा रत्नागिरीकरांना एवढी यादी पुरे.

११. सड्यावरचं वेड जागतिक यादीत

रत्नागिरीच्या उजाड कातळसड्यांवर काही माणसं वर्षानुवर्षं उन्हातान्हात कोरलेली चित्रं शोधत फिरली: सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकूरदेसाई. ‘सड्यावर काय ठेवलंय?’ हा प्रश्न आपल्या गावांत विचारला जातोच. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली, आणि वेडाचा व्यासंग झाला. त्याच्याही आधीचं उदाहरण चिपळूणजवळ परशुरामच्या परिसरात जन्मलेल्या पां. वा. काणे यांचं. धर्मशास्त्राचा इतिहास या एका विषयावर पाच खंड, साडेसहा हजारांहून जास्त पानं, तीस वर्षांहून अधिक काळ आणि १९६३ मध्ये भारतरत्न. यांपैकी कोणालाही आमच्या यादीत ओढायचं नाही. परस्पर निदानं वाटणं हा आमचा धंदा नव्हे. एका विषयाला आयुष्य वाहणं इथल्या मातीला नवं नाही, एवढीच नोंद.

१२. आता माझी बॅटिंग

उक्षीच्या कातळावर हत्ती कोरलेला आहे. त्याच उक्षीच्या स्टेशनापासून भोक्याकडे जाताना करबुडे बोगदा लागतो: साडेसहा किलोमीटर, काश्मीरचा पीर पंजाल बोगदा होईपर्यंत देशातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा. १९९९ पासून या मार्गावर भरलेले ट्रक मालगाडीवर चढून प्रवास करतात. पावसाळ्यात दरडींच्या भीतीने गाड्यांचा वेग कमी होतो, म्हणून वेळापत्रक वेगळं. माझ्यासारख्याला दरसाल दोन पाठ करावी लागतात. परदेशांत या प्रेमाचा उपयोग करून घेतात. न्यूयॉर्कच्या रेल्वे संग्रहालयात रेल्वेवेड्या ऑटिस्टिक मुलांसाठी ‘सबवे स्लूथ्स’ नावाचा उपक्रम चालतो. एप्रिल २०२२ मध्ये न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या गाड्यांच्या घोषणा ऑटिस्टिक मुलांच्या आवाजात झाल्या. ‘थॉमस’ या कार्टून इंजिनाच्या मालिकेत त्याच वर्षी ब्रुनो नावाचा ऑटिस्टिक ब्रेक-डबा आला. ‘यात्रीगण कृपया ध्यान दें’ म्हणायला मी आजही तयार आहे.

१३. उलटा आरसा

१९९८ मध्ये एका अमेरिकन ऑटिस्टिक बाईने लुटुपुटीची एक संशोधन संस्था काढली. तिचा अभ्यासविषय: ‘नॉर्मल’ माणसांचा विकार! गप्पांची न आवरणारी गरज, सगळ्यांसारखं वागण्याचा ध्यास, वगैरे लक्षणं. चेष्टा होती, पण नेम अचूक. २०१२ मध्ये डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञाने तीच गोष्ट गंभीरपणे मांडली: गैरसमज दोन्ही बाजूंनी असतो, आम्हाला तुम्ही कळत नाही तसे तुम्हालाही आम्ही कळत नाही. २०२० मध्ये स्कॉटलंडच्या संशोधकांनी कानगोष्टींचा खेळ लावून पाहिला. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीतही गोष्ट इतरांइतकीच नीट शेवटपर्यंत पोहोचली.

१४. मॅच बघायला खोली हवी, शांत

इंग्लंडच्या संडरलंड फुटबॉल क्लबने २०१५ मध्ये आपल्या स्टेडियममध्ये ऑटिस्टिक मुलांसाठी खास खोली उघडली: काचेमागे मैदान, आत आवाज कमी, उजेड सौम्य. २०२२ च्या कतारमधल्या फुटबॉल विश्वचषकातही काही स्टेडियमांत अशा खोल्या होत्या. आपल्या गावच्या टेनिस बॉल स्पर्धेला काचेची खोली कुठली? पण मैदानाच्या एका टोकाचा कर्णा बंद ठेवता येतो, चौकाराला वाजणारा डीजे जरा खाली आणता येतो. खर्च शून्य रुपये. सामना मात्र आणखी चार घरांतली पोरं बघतील.

१५. आणि शेवटी नियम

एखादं मूल डायनासोर, पंखे, एसटीचे बोर्ड किंवा भरती-ओहोटीच्या वेळा सांगू लागलं, तर ‘हो का, छान’ म्हणून विषय बदलू नका. ‘तुझा सगळ्यात आवडता कोणता, आणि का?’ एवढंच विचारा. त्याला मित्र मिळण्याची वाट बहुधा तिथूनच जाते. तुमचे मित्र नाही का क्रिकेटमुळेच जमले? त्याने करबुडे बोगद्यापासून सुरुवात केली, तर किमान वीस षटकं ऐकून घ्या. पावसाने थांबलेल्या मॅचमध्ये नुसत्या झाकलेल्या खेळपट्टीकडे तुम्ही त्याहून जास्त वेळ बघत बसता.