वेचणीच्या दिवसांतली हजेरी

सकाळी सात

दिवाळीची सुट्टी संपली की राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात माझी पहिली हजेरी शाळेत होत नाही, पारावर होते. कापूस वेचणीच्या मजुरांना न्यायला मॅजिक गाडी इथंच येते. बाया डबे आणि रिकामी गाठोडी घेऊन चढतात. त्यांच्यामागून तिसरी-चौथीतली दोन-तीन डोकी चढतात आणि मी दिसलो की सीटखाली दडतात.

"पोरीला कुठं नेता, ताई?"

"धाकट्याले पाहाले कोणी नाही, सर. दोन दिवसानं धाडतो तिले शाळेत."

दोन दिवस म्हणजे वेचा संपेपर्यंत. हे त्यांनाही ठाऊक असतं, मलाही. झोळीतल्या भावाला सांभाळायला नेलेली पोरगी दिवसभर धुऱ्यावर बसून राहत नाही. तो झोपला की ती पऱ्हाटीत शिरते.

साडेआठ

शाळेच्या वाटेवर वेचणी सुरू झालेली असते. पानांवर अजून दव असतं. मजुरी किलोवर मिळते आणि दवातला कापूस वजनाला भरतो, म्हणून बाया लवकर हात घालतात. शेतकऱ्याला मात्र ऊन चढायला हवं असतं. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर 8 टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव मिळतो, पुढे कपात होते आणि 12 टक्क्यांच्या वर माल घेतच नाहीत. हे भांडण रोजचंच.

वेचणं दिसायला सोपं. पण उमललेल्या बोंडाची टोकं वाळून सुयांसारखी झालेली असतात. बोटं त्या टोकांमधून आत घालायची आणि पालापाचोळा न लागू देता कापूस अलगद ओढून ओटीत टाकायचा. वर्गात लिहायला बसलेल्या मुलांची बोटं पाहा. नखांच्या कडेला बारीक, आडवेतिडवे ओरखडे असतात. कोण काल शाळेत नव्हतं हे मला हजेरीपटात बघावं लागत नाही.

साडेदहा

परिपाठ, हजेरी. मागचे दोन बाक रिकामे. मुलांच्या अंगावरच्या गणवेशाला हात लावला तर पॉलिस्टर लागतं. कापसाच्या जिल्ह्यातलं पोर पॉलिस्टर घालतं आणि त्याच्या गावचा कापूस गठाणी बांधून बाहेर जातो, याचं आता कुणाला नवल वाटत नाही. मला अजून वाटतं.

बारा

फुलाचे भाग शिकवायचे होते. पुंकेसर, स्त्रीकेसर. संकरित कापसाचं बी कसं तयार होतं ते सांगितलं. दुपारनंतर मादी झाडाच्या पात्या (कळ्या) हातानं सोलून पुंकेसर काढायचे, खूण बांधायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर फुलाचे पराग त्यावर लावायचे. एकेक पाती, महिना-दोन महिने, न चुकता. 1970 मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रातून एच-4 हा कापसाचा पहिला व्यापारी संकर आला, तेव्हापासून हे हातकाम वाढत गेलं. उत्तर गुजरातच्या बियाणे प्लॉटवर दक्षिण राजस्थानातल्या डुंगरपूर, उदयपूरकडची आदिवासी मुलं वर्षानुवर्षं नेली गेली. लहान बोटं आणि कमी उंची सोयीची पडते, असं तिथं सांगतात. मजुरी कमी द्यावी लागते, हे खरं कारण. म्हणजे बी पेरण्याआधीच त्याला लहान हात लागलेला असू शकतो. हे मात्र मी वर्गात बोललो नाही.

दीड

खिचडी. जवळच्या वावरातली दोन मुलं ताटापुरती येतात, जेवतात आणि परत पळतात. मी त्यांना अडवत नाही.

साडेपाच

वजनाची वेळ. सुटीनंतर मी मुद्दाम तिथं थांबतो. लिंबाच्या फांदीला काटा टांगलेला असतो, एकेक गाठोडं हुकाला लागतं. यंदा आमच्याकडे किलोला दहा रुपये दर आहे. सकाळच्या त्या बाईंचे 46 किलो भरले. त्यातले बाराएक किलो पोरीचे, हे सगळ्यांनी पाहिलेलं. वहीत आईच्या नावापुढे 46 लिहिलं गेलं. पोरीचं नाव कुठंच नाही.

बालमजुरी कायद्याच्या 2016 च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला शेतावरही कामाला ठेवता येत नाही. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या कामात मदत तेवढी चालते. म्हणून कुणी विचारलंच तर उत्तर तयार असतं, "घरचंच वावर हाय." आणि वावर दुसऱ्याचं असलं तरी कामावर आई आहे, पोरगी नुसती सोबत आली आहे.

मालकालाही मी सरसकट दोष देत नाही. पाच एकराचा कास्तकार, गुलाबी बोंडअळीनं उतारा घटलेला. लांब धाग्याला 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये. त्यातले हजार नुसत्या वेचणीत जातात. दर वाढव म्हटलं तर तो म्हणतो, व्यापाऱ्याला सांगा.

रात्री नऊ

पोषण आहाराचे आकडे भरत असताना पुण्याहून भाचीचा फोन आला.

"मामा, ऑर्गेनिकचं लेबल असलेला कुर्ता घेते आहे. यात बालमजुरी नसते ना?"

म्हटलं, लेबल वाईट नाही. 'गॉट्स'चं, म्हणजे सेंद्रिय कापडाच्या जागतिक मानकाचं, लेबल असेल तर जिनिंगपासून शिलाईपर्यंतची तपासणी त्यात येते. शेताचं प्रमाणपत्र वेगळं असतं. 'बेटर कॉटन' या दुसऱ्या योजनेत तर बरीच वर्षं वजनाचा ताळेबंद चालत आला, म्हणजे अंगातल्या कापडाचा कापूस त्याच शेतातला असेल असं नाही. आणि तपासनीस आला तरी तो वही बघणार. वहीत काय असतं ते मी आजच पाहून आलो.

मग तिला हिशेब करून दाखवला. एका कुर्त्याला तीनशे ग्रॅम रुई धर. कापसात रुई साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे नऊशे ग्रॅम कापूस. वेचणी नऊ रुपये.

"फक्त नऊ?"

"दर दुप्पट केला तर अठरा. तेवढ्यात आईच्या चौतीस किलोचे सहाशे ऐंशी होतात. आज दोघींचे मिळून चारशे साठ झाले."

ती म्हणाली, मग मी दुकानात काय विचारू? म्हटलं, दुकानदाराला काही माहीत नसतं. कंपनीला पत्र लिही. कापूस कोणत्या तालुक्यातून घेता, तिथं वेचणीचा दर काय, आणि तो वाढवायला तुम्ही शेतकऱ्याला किलोमागे किती जास्त देता, एवढे तीन प्रश्न. "आम्ही बालमजुरीच्या विरोधात आहोत" असं उत्तर आलं तर तेच तीन प्रश्न पुन्हा लिहून पाठव.