टँकरचे पाणी घेता, पण त्याचा कागद पाहिला काय?

आपल्या धंद्यात सूत, रंग आणि विजेचा हिशेब पैशापैशाने केला जातो. पाण्याचा टँकर आला की मात्र पाइप जोडायचा, पैसे द्यायचे आणि विसरून जायचे. एका उन्हाळ्यात आमच्या ओळखीच्या एका रंगाई कारखानदाराला हे विसरणे महागात पडले. त्यांचा टँकर सरकारी माणसांनी वाटेतच अडवला. टँकरवाल्याजवळ परवानगीचा कागद नव्हता. इकडे निम्मा लॉट रंगवून झाला होता. उरलेला लॉट चार दिवसांनी दुसऱ्या पाण्यावर रंगवला, तर शेड जुळेना. पार्टीने माल परत केला आणि नुकसान कारखानदाराच्या माथी आले.

“विहीर माझी, जमीन माझी, मग पाणी विकायला सरकारची इजाजत कशाला?” असे त्या टँकरवाल्याचे म्हणणे होते. पुष्कळांना हे म्हणणे रास्त वाटते, म्हणून त्याचा उलगडा करणे जरूर आहे.

जमिनीखालच्या पाण्यावर मालकाचा हक्क मानण्याची रीत जुनी आहे. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात तिचा आधार सापडतो. परंतु त्या कायद्याचे शब्द नीट पाहावेत. जमीनमालकाने खालचे पाणी गोळा करावे व त्याची विल्हेवाट लावावी, पण “आपल्या हद्दीत”, असा त्याचा आशय आहे. पाणी टँकरमध्ये भरून हद्दीबाहेर निघाले की तो व्यापार होतो. शिवाय जमिनीखाली कुंपण नसते. एकाने मोठा पंप लावून रोज टँकर भरले, तर शेजाऱ्याची विहीर आटते आणि गावच्या बायकांना हंडा घेऊन लांब जावे लागते.

ही गोष्ट मद्रास शहराने लवकर ओळखली. तमिळनाडूने 1987 साली मद्रास शहर आणि आसपासच्या ठरावीक गावांसाठी भूजलाचा कायदा केला. त्यात पाण्याचा उपसा आणि वापर यांच्याबरोबर पाण्याची वाहतूकही सरकारी नियंत्रणाखाली आली. पाणी कशासाठी हवे, तिथे ते किती आहे, दुसरे कोण त्यावर अवलंबून आहेत आणि इतर स्रोतांवर काय परिणाम होईल, हे पाहून परवाना द्यावा किंवा नाकारावा, अशी ती पद्धत आहे.

देशाच्या पातळीवर सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या आदेशानंतर 1997 साली केंद्रीय भूजल प्राधिकरण स्थापन झाले. त्याच्या कामासाठी केंद्र सरकारने 24 सप्टेंबर 2020 रोजी नवे नियम जाहीर केले. भूजल उपसून टँकरने विकणाऱ्याला ना-हरकत प्रमाणपत्र घेणे त्यांत सक्तीचे करण्यात आले. प्रमाणपत्र मिळाले तरी पाणी मोजणारे मीटर बसवावे लागते. त्याच नियमांत शेतीच्या उपशाला सूट दिली आहे, पण ती शेतीसाठीच. शेतातल्या विहिरीचे पाणी कारखान्याला विकताना ती ढाल पुढे करता येत नाही. दिवसाला 10 घनमीटरपेक्षा कमी, म्हणजे दहा हजार लिटरच्या आत भूजल उपसणाऱ्या सूक्ष्म व लघु उद्योगांनाही सूट आहे. दहा हजार लिटर म्हणजे साधारण एक मोठा टँकर. ही सूट कारखान्याच्या स्वतःच्या उपशाची आहे. तिच्यामुळे तुम्हाला पाणी विकणारा मोकळा होत नाही.

आपल्या महाराष्ट्राचा 2009 चा भूजल कायदा 2014 पासून अमलात आला. अधिसूचित क्षेत्रात शेती किंवा उद्योगासाठी 60 मीटर वा त्याहून खोल विहीर खोदण्यास त्याने बंदी घातली आहे. तेव्हा “टँकर बंद झाला तर खोल बोअर मारू” असे म्हणण्याआधी आपले गाव कोणत्या क्षेत्रात येते, याची चौकशी करावी.

मग कारागिराने काय करावे? टँकरवाल्याकडून प्रमाणपत्राची प्रत मागून घ्यावी. त्यावर विहिरीची जागा, रोज उपसायचे पाणी आणि मुदत पाहावी. मुदत संपलेला कागद हा कागद नव्हेच. प्रत्येक खेपेची पावती घ्यावी व तारीखवार वही ठेवावी. लॉट सुरू करण्याआधी तो पूर्ण होईल एवढ्या पाण्याची सोय करून ठेवावी. स्वतःची बोअर असेल तर तिचा रोजचा उपसा लिहून ठेवावा, म्हणजे सूट मागताना पुरावा हाती राहील.

कागद मागितला तर टँकरवाला भाव वाढवील, अशी भीती काहींना वाटते. वाढवीलही. पण बिगरकागदी पाण्याचा स्वस्त भाव टँकर चालू आहे तोवरच स्वस्त असतो. तो अडला की किती मोल द्यावे लागते, हे आमच्या त्या कारखानदाराला विचारावे. आणि ज्या गावची विहीर आटते, त्या गावालाही विचारावे.