घरात तरंगणारं मांजर

मांजर दुसऱ्या घरी गेलं, त्याची टोपली आणि ताटली गेली, केर काढून फरशी लख्ख झाली. तरी दोन महिन्यांनी पाहुणा येतो, सोफ्यावर टेकतो आणि शिंकायला लागतो. त्याला भास झालेला नसतो. १९८९ साली अमेरिकेत काही घरांतून मांजरं हलवून तिथली धूळ पुन्हा पुन्हा तपासली गेली. मांजर कधीच नव्हतं अशा घराइतकी ती निर्धोक व्हायला बऱ्याच ठिकाणी २० ते २४ आठवडे लागले. प्राणी निघून गेल्यावर पाच-सहा महिने घरात राहणारं हे आहे तरी काय?

आपण दोष देतो केसांना. खरा कारभार आहे एका प्रथिनाचा. शास्त्रज्ञ त्याला ‘फेल डी १’ म्हणतात. मांजराच्या त्वचेतल्या तेलग्रंथींत ते तयार होतं, लाळेतही असतं. मांजर दिवसातून कितीतरी वेळा स्वतःला चाटतं, लाळ केसांवर वाळते, तिचा आणि कोंड्याचा भुगा होतो आणि हवेत मिसळतो. हे प्रथिन विषारी मुळीच नाही. ज्यांना ॲलर्जी नाही ते आयुष्यभर त्यात श्वास घेतात आणि त्यांना काही होत नाही. काहींचं शरीर मात्र त्याला शत्रू समजतं, त्याच्याविरुद्ध ‘आयजीई’ नावाची प्रतिपिंडं बनवतं. पुढच्या वेळी प्रथिन नाकात शिरलं, की या प्रतिपिंडांच्या इशाऱ्यावर पेशी हिस्टामिन सोडतात. मग शिंका, खाज, डोळ्यांतून पाणी, आणि कुणाला दम्याची धाप.

आता या कणांचा आकार पाहा. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. गादीत राहणाऱ्या धुळीच्या किड्यांची विष्ठाही ॲलर्जी आणते, पण तिचे कण २० मायक्रॉनच्या आसपास असतात. गादी झटकली की ते उडतात आणि थोड्याच वेळात खाली बसतात. मांजराच्या प्रथिनाचा बराचसा भाग मात्र ५ मायक्रॉनहूनही लहान कणांवर स्वार असतो. हे कण तासन्‌तास तरंगतात आणि श्वासाबरोबर छातीत खोलवर पोहोचतात. शिवाय ते चिकट असतात. भिंतीला, पडद्याला, कपड्याला धरून बसतात. मांजर पाळणाऱ्या मुलांच्या कपड्यांवरून हे प्रथिन शाळेत जातं. जिथे मांजराने कधी पाऊल टाकलेलं नाही अशा वर्गांच्या धुळीतही ते मोजलं गेलं आहे.

एवढं कळलं की सफाईची रीतच बदलते. कोरड्या केरसुणीने हे कण निघत नाहीत, उठून पुन्हा हवेत जातात. म्हणून आधी ओलं फडकं. सुरुवात वरून करायची: पंख्याची पाती, कपाटाचा माथा, खिडकीच्या पट्ट्या आणि शेवटी फरशी. आपल्याकडच्या उघड्या फरश्या इथे फार मोठं वरदान आहेत, कारण गालिचा हे प्रथिन फरशीच्या कितीतरी पट साठवून ठेवतो. अभ्रे, चादरी, मांजराचं अंथरूण दर आठवड्याला धुवावं. पाणी ६० अंश तापलेलं असेल तर धुळीचे किडेही मरतात. मांजराला आंघोळ घातली तर प्रथिन कमी होतं खरं, पण ग्रंथी काम करतच असतात. आठवड्याच्या आत ते जवळपास पूर्वपदावर येतं. त्यापेक्षा ज्याला ॲलर्जी नाही अशाने घराबाहेर रोज केस विंचरून द्यावेत. नसबंदी केलेल्या बोक्याच्या अंगावर हे प्रथिन न केलेल्यापेक्षा कमी असतं.

साध्या व्हॅक्यूम क्लीनरच्या पिशवीतून बारीक कण मागच्या मागे निसटतात. तिथे ‘हेपा’ फिल्टर हवा, आणि त्याची करामत थक्क करणारी आहे. तो गाळणीसारखा चालत नाही. मोठे कण जड असतात, त्यांना हवेबरोबर वळता येत नाही म्हणून ते तंतूंवर आदळतात. अतिसूक्ष्म कणांना हवेचे रेणू इतके धक्के देतात, की तेही भरकटत जाऊन तंतूंना चिकटतात. पकडायला सर्वांत अवघड असतात ते मधले, सुमारे ०.३ मायक्रॉनचे. म्हणून परीक्षा त्यांच्यावरच घेतात, आणि त्यातले ९९.९७ टक्के अडवले तरच फिल्टर उत्तीर्ण.

याहून नवलाची गोष्ट कोंबडीच्या अंड्यात सापडली. मांजराच्या प्रथिनाशी संबंध आलेली कोंबडी त्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवते आणि ती बलकात उतरतात. असा बलक मांजराच्या खाण्यात मिसळला, तर प्रतिपिंडं त्याच्या तोंडातच लाळेतल्या प्रथिनाला जखडतात. हे खाद्य बनवणाऱ्या कंपनीच्या शास्त्रज्ञांच्या २०१९ सालच्या अभ्यासात मांजरांच्या केसांवरचं सक्रिय प्रथिन सरासरी ४७ टक्क्यांनी घटलं. मांजर प्रथिन बनवतच राहतं, फक्त त्याची धार जाते.

कुत्र्यांची प्रथिनं वेगळी. त्यातलं एक केवळ नराच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होतं. ज्याला फक्त त्याचीच ॲलर्जी आहे, त्याला कुत्री सोसू शकते. ‘ॲलर्जी न करणारी जात’ या जाहिरातीवर मात्र विसंबू नये. अशा जातींच्या आणि इतर कुत्र्यांच्या घरांतली धूळ तपासली, तेव्हा फरक आढळला नाही.

यातला कुठलाही एक उपाय प्रथिन शून्यावर आणत नाही. पण ते जितकं घटेल तितका शरीरावरचा भार हलका होतो, आणि उपाय एकत्र केले की त्यांची बेरीज होते. जुना साठा हळूहळूच ओसरतो, तेव्हा आठ दिवसांत निराश होऊन मुक्या जिवाला घराबाहेर काढू नका. धाप लागत असेल, छातीत घरघर होत असेल, तर मात्र आधी डॉक्टर. दम्यापुढे कुठलीही सफाई पुरेशी नाही. आणि आज एकच गोष्ट करायची असेल, तर झोपायच्या खोलीत मांजराला येऊ देऊ नका. दिवसाच्या श्वासांपैकी जवळजवळ एक तृतीयांश आपण तिथेच घेतो.