जंगलातले विमान : उतरू द्यावे की नाही?



दिवाळीच्या सुटीनंतर आपला एक माजी विद्यार्थी शाळेला भेट देण्यास आला होता. नोकरीनिमित्त तो अमेरिकेत मिनिआपोलिस येथे असतो. नववीच्या मुलांना त्याने आपल्या एका सहलीची छायाचित्रे दाखविली. चार दिवस होडी वल्हवीत जायचे, एक तलाव संपला की होडी खांद्यावर घेऊन पायवाटेने पुढच्या तलावापर्यंत चालायचे. चार दिवसांत गाडीचा आवाज म्हणून कानी पडला नाही. "तिथे विमानालासुद्धा उतरायची बंदी आहे," तो अभिमानाने म्हणाला. तेव्हा मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "दादा, मग ज्यांची विमाने होती त्यांचे काय झाले?"

तास संपला, प्रश्न तसाच राहिला. या प्रश्नाने आम्हाला बरेच दिवस वाचावयास लावले. जे हाती लागले ते येथे देत आहोत. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झालेले. मराठीच्या बाईंनी मजकूर तपासून दिला आहे, तरी काही चुका उरल्याच तर त्या आमच्या समजाव्यात.

प्रथम जमिनीविषयी. अमेरिकेतील सुमारे २८ टक्के भूमी तेथील केंद्र सरकारच्या ताब्यात आहे. जंगले, डोंगर, वाळवंटे असा तो पसारा असून तिला 'सार्वजनिक भूमी' म्हणतात. आपण लहानपणापासून 'सरकारी जमीन' हा शब्द ऐकतो आणि तिचा अर्थ कुणाचीच नाही, किंवा ज्याने आधी खुंट रोवला त्याची, असा धरून चालतो. तिथे अर्थ वेगळा आहे : ती सर्वांची. आणि सर्वांची आहे म्हणूनच भांडण आहे, कारण होडीवाला म्हणतो माझी, आणि विमानवालाही म्हणतो माझी. दोघेही खरे बोलत असतात.

आता त्या तलावांची गोष्ट. मिनेसोटा राज्याच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेवर, सुपीरियर नावाचे राष्ट्रीय वन १९०९ मध्ये स्थापन झाले. त्यात हजाराहून अधिक तलाव आहेत. ओजिब्वे हे तेथील मूळ लोक भूर्जाच्या सालीच्या होड्यांतून पिढ्यान् पिढ्या या जलमार्गांनी ये-जा करीत आले. पुढे कातडी व केसाळ चामड्यांचा व्यापार करणारे गोरे लोकही त्याच वाटांनी गेले. जवळचे गाव ईली. ते लोखंडाच्या खाणींवर जगणारे. खाणी कधी जोरात, कधी बंद. त्यामुळे मासेमारीला येणारे पाहुणे हा दुसरा आधार.

दुसरे महायुद्ध संपले आणि चित्र पालटले. युद्धात उड्डाण शिकलेले तरुण घरी परतले, लहान विमाने स्वस्तात मिळू लागली. चाकांच्या जागी पोकळ तरंगते पाय बसविले की विमान तलावावर उतरते. धावपट्टीची गरज नाही. ज्या तलावापर्यंत होडीने पोहोचायला दोन-तीन दिवस लागत, तेथे अर्ध्या तासात पोहोचता येऊ लागले. वनाच्या आत काही खासगी जमिनी होत्या. त्यांवर मालकांनी मासेमारीची रिसॉर्टे उभारली. पाहुणा सकाळी उडायचा, मासे पकडायचा, संध्याकाळी परत. ईलीसारख्या लहान गावात विमानांची एवढी वर्दळ झाली की होडीवाल्यांना आकाशाकडे पाहणे भाग पडले.

विरोध करणाऱ्यांमध्ये पुढे होते सिगर्ड ओल्सन. आमचे लक्ष येथे जरा जास्त रेंगाळले, कारण हे गृहस्थ शिक्षक होते. ईलीच्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवीत, पुढे तेथेच अधिष्ठाता झाले आणि १९४७ मध्ये नोकरी सोडून लेखन व वनसंरक्षणाला लागले. ज्या गावातील मुलांना त्यांनी शिकविले त्याच गावाच्या कमाईच्या एका साधनाविरुद्ध ते उभे राहिले. न्यायासाठी हेही सांगितले पाहिजे की होडीच्या सहलींना सामान पुरविणाऱ्या व्यवसायात त्यांची स्वतःची भागीदारी होती. म्हणजे 'यांना शांतता हवी कारण ती यांच्या धंद्याची' असे म्हणायला विरोधकांना जागा होती. आम्हाला वाचताना ते प्रामाणिक वाटले. पण गावातल्या खाणकामगाराला तसे वाटलेच पाहिजे असे नाही.

१९४८ मध्ये काँग्रेसने कायदा करून वनातील खासगी जमिनी विकत घेण्यासाठी पैशाची तरतूद केली. १७ डिसेंबर १९४९ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी आदेश काढला : या तलावांवर समुद्रसपाटीपासून ४,००० फुटांच्या खाली विमान उडवायचे नाही. तो प्रदेश मुळातच हजार-दीड हजार फूट उंच असल्याने लहान विमान तेथे उतरण्याचा प्रश्नच मिटला. आदेश १ जानेवारी १९५१ पासून लागू झाला. ज्यांची आत जमीन होती आणि जे आधीपासून विमानानेच जात होते, त्यांना आणखी एक वर्ष मिळाले.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. रिसॉर्टवाल्यांचे म्हणणे सोपे होते. आमची जमीन कायदेशीर, आमचे बांधकाम कायदेशीर. तेथे रस्ता नाही, पाहुणा विमानानेच येतो. तुम्ही जमीन घेतली नाहीत, पण तिच्यावरचे आकाश बंद केलेत. मग जमिनीला किंमत काय उरली? काहींनी मुदत संपल्यावरही विमाने उडविणे चालूच ठेवले. सरकार न्यायालयात गेले. १९५२ मध्ये जिल्हा न्यायालयाने उड्डाणांना मनाई केली, १९५३ मध्ये अपील न्यायालयाने ती कायम केली आणि सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. पुढे रिसॉर्टे एकामागून एक सरकारने विकत घेतली, इमारती हटविल्या आणि जागा पुन्हा झाडांच्या स्वाधीन केली. पैसे मिळाले. परंतु ज्या घाटावर बापाने होडी बांधली तो घाट पैशात मोजता येतो का, हे ज्याचे त्याला ठाऊक.

येथे एक मजेची गोष्ट विद्यार्थ्यांसाठी. आकाश कोणाचे, हा प्रश्न तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे त्याआधीच, १९४६ मध्ये, कोंबड्यांमुळे गेला होता! नॉर्थ कॅरोलिना राज्यातील एका कोंबडीपालकाच्या शेडवरून युद्धकाळात लष्करी विमाने इतकी खालून जात की घाबरलेल्या कोंबड्या भिंतींवर आपटून मरत. सुमारे दीडशे कोंबड्या गेल्या, धंदा बसला. न्यायालय म्हणाले, जमीनमालकाची मालकी आकाशापर्यंत पोहोचते हा जुना समज आता चालणार नाही, आकाश हा सार्वजनिक मार्ग आहे. मात्र अगदी खालून केलेल्या उड्डाणाने जमिनीचा उपभोगच अशक्य होत असेल तर भरपाई द्यावी लागेल. तेथे विमानाने माणसाचे नुकसान केले म्हणून भरपाई. आणि तलावांवर विमान थांबविल्याने नुकसान झाले, तेव्हा न्यायालयाने आदेश वैध ठरविला. आम्ही वकील नाही, पण हे दोन निकाल शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

३ सप्टेंबर १९६४ रोजी वन्यप्रदेश कायदा झाला. त्याने एकीकडे अशा प्रदेशांत विमान उतरविण्यास मनाई केली आणि दुसरीकडे म्हटले, जेथे हा वापर आधीपासून रूढ आहे तेथे तो चालू ठेवण्याची परवानगी देता येईल. पुढची सगळी भांडणे या 'रूढ' शब्दातून निघाली.

आयडाहो राज्यात याच शब्दामुळे उलटे घडले. तेथील डोंगराळ भागात धावपट्टी म्हणजे नदीकाठचे गवताळ कुरण, कधी चढावर, एका टोकाला कडा. खाणवाले, गुराखी आणि वणवे विझविणारे यांनी त्या पूर्वीच तयार केल्या होत्या. दुर्गम घरांना टपालही विमानानेच जाई. आयडाहो विद्यापीठाचे एक संशोधन केंद्र याच रानात आहे. विमान नसेल तर तेथे पायी किंवा घोड्यावर जावे लागते. १९८० मध्ये हा २३ लाख एकरांहून मोठा प्रदेश वन्यप्रदेश जाहीर झाला, तेव्हा कायद्यातच लिहिले गेले की नियमित वापरातील धावपट्टी, विमानांना अत्यंत धोका असल्याखेरीज, कायमची बंद करायची नाही, आणि त्यालाही राज्याची लेखी संमती लागेल.

तरी भांडण मिटले नाहीच. बिग क्रीक खोऱ्यातील ड्यूई मूर, माईल हाय, सिमंड्स आणि व्हाइन्स या चार पट्ट्या १९८० मध्ये 'नियमित वापरात' होत्या की नव्हत्या, यावर वर्षानुवर्षे वाद चालला. वनखाते त्यांना बराच काळ संकटकाळापुरत्या मानत आले. वैमानिक म्हणतात, आम्ही उतरतच होतो. शिवाय एक नवी तक्रार आली : काही हौशी वैमानिक कोठेही जायचे नसताना एका सकाळी चार-पाच पट्ट्यांना चाके टेकवून परत उडतात, केवळ यादीत खूण करण्यासाठी. हे आम्हालाही पटत नाही. पण त्याच खोऱ्यांतून रबरी होड्यांनी जाणारे, ज्यांना विमानाचा आवाज खुपतो, तेही नदीला पाणी कमी असले की विमानानेच आतल्या घाटावर येऊन उतरतात!

अलास्कात तर हा प्रश्न वेगळाच दिसतो. तेथे अनेक गावांना रस्ताच नाही. १९८० च्याच दुसऱ्या एका कायद्याने संरक्षित प्रदेशांतही पारंपरिक कामांसाठी आणि गावी जाण्यायेण्यासाठी विमानाला मुभा दिली. डेनाली शिखर चढणारे गिर्यारोहक काहिल्टना हिमनदीवर विमानानेच उतरतात.

हे सर्व वर्गात सांगितल्यावर एकाने विचारले, "सर, मिनेसोटात कुणी आजारी पडले तर?" उत्तर असे की बचावकार्य, संकटकाळी उतरणे आणि सरकारी काम यांना बंदीतून सूट आहे. वनखात्याची स्वतःची बीव्हर जातीची पाण्यावर उतरणारी विमाने ईलीजवळून उडतात, वणव्यांवर लक्ष ठेवतात. रिसॉर्टवाल्यांना हे किती बोचले असेल याची कल्पना आम्हाला आहे. गेल्या वर्षी पटांगणात दुचाकी आणू नये असा फलक आपण लावला, तेव्हा दोन शिष्टमंडळे आली. एक सकाळी फिरणाऱ्या ज्येष्ठांचे, धन्यवाद द्यायला. दुसरे पालकांचे, त्यांनी नम्रपणे विचारले की कार्यालयापुढे आत उभी असते ती स्कूटर कोणाची?

ती आमची होती. आता फाटकाबाहेर उभी असते.

सिगर्ड ओल्सन ईलीतच राहिले. १९७७ मध्ये याच तलावांवरील मोटरबोटींच्या प्रश्नावर गावात सुनावणी झाली, तेव्हा ते ७८ वर्षांचे होते. गावकऱ्यांनी त्यांचा पुतळा करून फासावर लटकविला होता. तरीही ते बोलायला उभे राहिले. पुढच्या वर्षी कायदा झाला आणि बऱ्याच तलावांवरून मोटरबोटीही गेल्या. १९८२ मध्ये ते ईली येथेच वारले.

नववीच्या मुलांनी दोन्ही बाजूंनी चिठ्ठ्या लिहिल्या आहेत. त्या ग्रंथालयाबाहेरील भित्तिपत्रकावर लावल्या आहेत. ज्या मुलीने पहिला प्रश्न विचारला तिने रिसॉर्टवाल्याच्या बाजूने लिहिले आहे आणि तिच्याच बाकावरच्या मैत्रिणीने तलावाच्या. पालकांनी येऊन वाचावे, व आपलीही चिठ्ठी लावावी.