आजारी कोण, हें ठरविणार कोण?

आजारपणाची रजा हा विषय कचेरीचा खरा. पण त्याची पहिली झळ लागते ती घराला. घरचा कर्ता मनुष्य तापानें फणफणला, कीं औषधाच्या आधीं पुष्कळदां चिंता पडते ती डॉक्टरी दाखल्याची. बरें, दाखला पाठविला तरी वरिष्ठ त्यावर विश्वास ठेवतीलच असें नाहीं. त्यांसही सर्वस्वीं दोष देतां येत नाहीं. लग्नसराई आली कीं ज्यांना नेमका ताप येतो असे गृहस्थ आपणां सर्वांच्या ओळखीचे आहेत, आणि त्यांना दाखला लिहून देणारे डॉक्टरही! या लबाडीचें प्रायश्चित्त मात्र खऱ्या आजाऱ्याला भोगावें लागतें.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या नोकरांसाठीं १९७२ सालीं केलेल्या रजेच्या नियमांत यावर उपाय योजलेला आहे. केवळ दाखला मिळाल्यानें रजेचा हक्क उत्पन्न होत नाहीं, असें हे नियम स्पष्ट सांगतात. अधिकाऱ्यास शंका आल्यास सिव्हिल सर्जनच्या दर्जाहून कमी नसलेल्या सरकारी डॉक्टराकडून तो फेरतपासणी करवूं शकतो. आणि आजार खरा आहे काय व एवढी रजा जरूर आहे काय, या दोन्ही गोष्टींवर त्या डॉक्टरानें मत द्यावयाचें असतें. येथवर ठीक आहे. पण हा डॉक्टर पडला सरकारच्याच पगाराचा. घरचा डॉक्टर एक म्हणतो, सरकारी डॉक्टर दुसरें म्हणतो. मग तिसरा कोण?

या तिसऱ्याची सोय बेल्जम देशाच्या कायद्यानें केलेली आहे, ती आमच्या वाचकांनीं समजून घेण्यासारखी आहे. तेथें खासगी नोकरांसही आजारपणांत कांहीं मुदतीपर्यंत मालकाकडून पगार मिळतो. तेव्हां मालकाला संशय येणें ओघानेंच आलें. १९७८ च्या कायद्यान्वयें तो तपासणीसाठीं डॉक्टर पाठवूं शकतो, व नोकरास ती नाकारतां येत नाहीं. मात्र या डॉक्टराच्या जिभेला कायद्यानें लगाम घातला आहे. मनुष्य काम करण्यास असमर्थ आहे काय आणि किती दिवस, एवढेंच त्यानें मालकास कळवावयाचें. रोगाचें नांव सांगावयाचें नाहीं. आम्हांस ही गोष्ट फार मोलाची वाटते. आपल्याकडील दाखल्यावर रोगाचें नांव असतें, आणि तो कागद चार टेबलांवरून फिरतो. नोकरी करणाऱ्या आपल्या लेकीसुनांना त्याचा किती संकोच होत असेल, याची कल्पना कचेरींतील पुरुषांनीं करून पाहावी.

दोन डॉक्टरांचें मत जुळलें नाहीं, तर नोकराची हरकत त्याच कागदावर नोंदली जाते. मग दोन दिवसांत उभयतांनीं संमतीनें पंच-डॉक्टर निवडावा. तें न जमल्यास ठरलेल्या यादींतून नेमतां येतो. पंचानें तीन दिवसांत तपासून निकाल द्यावा, हे सर्व दिवस कामाचे धरून. तो निकाल दोघांस बंधनकारक असतो. ही तांतडी उगीच नाहीं. ताप आठ दिवसांत उतरतो; वर्षानंतर कोर्टांत उभा राहून तो कोणी सिद्ध करावयाचा? आणि दरम्यान पगार अडकलेला असूं शकतो, तो निराळाच.

या व्यवस्थेंत एक उणीव आम्हांस दिसते. पंचाचा खर्च हरणाऱ्यानें द्यावयाचा असतो. मालकाला ही रक्कम किरकोळ, पण महिन्याच्या पगारावर चूल पेटणाऱ्याला तीच भारी. खरा आजारी असूनही तो कच खाईल.

शिवाय दोन डॉक्टरांच्या मतभेदांत दर वेळीं लबाडीच असते असेंही नाहीं. पाय मुरगळलेला कारकून बसून लिहूं शकेल. पण पोस्टमन टपाल वांटूं शकणार नाहीं. म्हणून दाखला मागतांना आपण नेमकें कोणतें काम करतों, हें डॉक्टरास आवर्जून सांगावें. फेरतपासणीचें बोलावणें आलें, तर मानभंग न मानतां जावें. जाण्याची शक्ति नसेल तर तसें डॉक्टराकडून लेखी कळवावें. तपासणीच्या दिवसापर्यंत ताप उतरलेला असण्याचा संभव असतोच. यासाठीं पहिल्या दिवसापासूनची तापाची टिपणें, औषधांच्या चिठ्ठ्या व रक्ताच्या तपासणीचे कागद घरांतील कोणीतरी एका जागीं ठेवीत जावें. आजाऱ्याला तें सुचत नाहीं. निवृत्त झालेले आजोबा तें काम आनंदानें करतील.