कनिष्ठाची शंका

28 डिसेंबर 1978 रोजी सायंकाळी, अमेरिकेतील पोर्टलँड शहराच्या विमानतळावर उतरावयास निघालेल्या युनायटेड कंपनीच्या डीसी-8 विमानाची चाके खाली सोडली जात असता मोठा आवाज झाला, आणि सर्व चाके पक्की बसल्याची खूण करणारे दिवे लागले नाहीत. कप्तानाने विमान घिरट्या घालीत ठेवून सुमारे तासभर त्या चाकांची चिंता वाहिली व प्रवाशांना आणीबाणीच्या उतरणीसाठी सिद्ध करण्याची तजवीज केली. या अवधीत इंधन संपत चालल्याचे ज्यांना दिसत होते, त्या सहवैमानिकाने व विमानावरील इंजिनियरने ते त्याच्या कानावर घातलेही. परंतु ते इतक्या दबक्या व आडवळणाच्या शब्दांत, की वरिष्ठाच्या एकाग्रतेस त्याचा धक्काही लागू नये. अखेर एकामागून एक चारही इंजिने बंद पडली, विमान उपनगरातील वस्तीत कोसळले, आणि 189 जणांपैकी 10 जण प्राणांस मुकले.

या कप्तानाने कोणाचेही तोंड दाबले नव्हते, ही गोष्ट मला विशेष चिंतनीय वाटते. बचावासाठी आवश्यक ते सर्व ज्ञान त्या लहानशा कक्षात उपस्थित होते. ते एका मनातून दुसऱ्या मनात पोहोचले नाही, एवढेच. त्याच्या आदल्या वर्षी, 27 मार्च 1977 रोजी, टेनेरिफ बेटावरील दाट धुक्यात दोन प्रचंड जंबोजेट विमाने एकमेकांवर आदळून 583 माणसे मृत्युमुखी पडली होती. तेथेही, समोरचे विमान धावपट्टीवरून दूर झाले आहे ना, अशी पृच्छा डच विमानाच्या इंजिनियरने केली होती. पण इतर वैमानिकांना शिकविणाऱ्या मातब्बर कप्तानाने ठाम उत्तर देताच ती शंका पुन्हा कोणी उच्चारली नाही.

पोर्टलँडच्या अपघाताची चौकशी करणाऱ्या सरकारी मंडळाने केलेली शिफारस दुहेरी होती: कनिष्ठांना आपले म्हणणे निःसंदिग्ध शब्दांत मांडण्याचे शिक्षण द्यावे, आणि कप्तानांना सहकाऱ्यांच्या मताने कारभार चालविण्याचे. 1979 साली नासाने या प्रश्नावर परिषद भरविली. 1981 साली युनायटेड कंपनीने रीतसर अभ्यासक्रम सुरू केला. त्यात संपूर्ण चमूने मिळून सिम्युलेटरवर अख्खे उड्डाण पार पाडावयाचे आणि मागाहून आपल्याच वर्तनाची एकत्र छाननी करावयाची. स्वभाव बदलण्याचा हा उपद्‌व्याप काही जुन्या कप्तानांस मुळीच रुचला नाही. परंतु येथे प्रश्न स्वभावाचा नसून शिरस्त्याचा होता, आणि शिरस्ता शिकविता येतो.

विमानांच्या बाहेरही हेच दिसून आले. 1990 नंतरच्या दशकात एमी एडमंडसन या संशोधिकेने इस्पितळांतील परिचारिकांच्या गटांत औषधे देताना होणाऱ्या चुका अभ्यासल्या. ज्या गटांत परस्परसंबंध उत्तम, तेथे चुका कमी आढळतील अशी तिची अपेक्षा असता, दप्तरी नोंद झालेल्या चुका तेथेच अधिक निघाल्या! खोलात गेल्यावर तिला दिसले, की या गटांत चूक सांगितल्यास अब्रू जाईल ही धास्ती नसल्यामुळे चुका उघडपणे बोलल्या जात होत्या. इतरत्र त्या झाकल्या जात होत्या. विश्वासाला आपण जिव्हाळ्याचे दुसरे रूप समजतो. पण कामकऱ्यांच्या गटात त्याची परीक्षा, अप्रिय वार्ता किती सत्वर वर पोहोचते, यावरून होते.

19 जुलै 1989 रोजी युनायटेडच्याच एका डीसी-10 विमानाच्या शेपटीतील इंजिनाचा पंखा फुटून, नियंत्रणासाठी लागणाऱ्या तिन्ही द्रवदाब-यंत्रणा निकामी झाल्या. प्रवासी म्हणून बसलेला डेनिस फिच नावाचा वैमानिक-शिक्षक साहाय्यास आला, तेव्हा कप्तान अल् हेन्स याने त्यास विनाविलंब कामाला लावले. उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमीजास्त करीत, एकमेकांशी अखंड बोलत, वैमानिक-कक्षातील चौघांनी ते विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणले. उतरताना ते मोडले व पेटले. तरी 296 पैकी 184 जण वाचले. हेन्सने याच्या श्रेयाचा मोठा वाटा युनायटेडच्या त्या अभ्यासक्रमास दिला. त्याचे म्हणणे असे, की चौघांचा मिळून उड्डाणाचा अनुभव शंभराहून अधिक वर्षांचा असला, तरी असे विमान उतरविण्याचा सराव त्यांतील कोणीही एक मिनिटदेखील केलेला नव्हता. मग इतर तिघांपेक्षा आपणांस अधिक कळते, असे त्याने कोणत्या आधारावर मानावे?