घरातील पदक संग्रहालयास देताना

पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ साली, ‘१११ महार’ ही पलटण उभारण्यात आली आणि १९२१ साली ती मोडण्यात आली. तत्पूर्वीच्या पिढ्यांतही या समाजातील अनेक पुरुष लष्करी सेवेत होते. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ हे सुभेदार होते, हे वाचकांस ठाऊकच आहे. अशा घराण्यांपैकी काहींच्या ट्रंकेत, लुगड्याच्या घडीखाली, एखादे लष्करी पदक अद्याप सापडते. ते संग्रहालयास द्यावे काय, आणि द्यावयाचे तर कसे, हा प्रश्न आता अनेक कुटुंबांपुढे उभा आहे. त्याचा विचार धम्माच्या दृष्टीने आणि व्यवहाराच्या दृष्टीने असा दुहेरी करावा लागतो.

प्रथम ती वस्तू काय सांगते ते पाहू. १९१४-१८ च्या युद्धातील सेवेबद्दल दिलेले ब्रिटिश युद्धपदक बहुधा चांदीचे असे. मजूर तुकड्यांतील लोकांना तेच काशाचे मिळे. चांदीचे असल्यामुळेच अशी कितीतरी पदके अडीअडचणीच्या काळी सोनाराच्या मुशीत गेली. त्याच्या दर्शनी भागावर राजाचे मुख असते. परंतु अभ्यासकाची नजर प्रथम जाते ती त्याच्या कडेकडे. तेथे शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. ज्यांच्या घराण्याची नोंद गावच्या दप्तरात बहुधा वतनाच्या निमित्तानेच होई, त्यांच्यापैकी एका माणसाचे स्वतःचे नाव धातूवर कोरलेले मिळणे ही लहान गोष्ट नव्हे.

ही वस्तू घरातच का ठेवू नये, असे विचारले जाते. ठेवण्यात गैर काहीच नाही. परंतु एका पदकाचे चार भावांत वाटे होत नाहीत, आणि तिसऱ्या पिढीस आजोबांच्या वडिलांचे नावही सांगता येत नाही. या संदर्भात मज्झिम निकायातील दक्खिणाविभङ्ग सुत्त मननीय आहे. महापजापती गोतमी स्वतः सूत कातून, स्वतः विणलेली वस्त्रांची नवी जोडी घेऊन भगवंतांकडे येते व ती त्यांनी स्वीकारावी अशी विनंती करते. भगवंत तिला ती संघास देण्यास सांगतात. तीन वेळा विनंती होते व तीनही वेळा उत्तर तेच येते. ज्यांना तिने दूध पाजून वाढविले त्यांच्यासाठीच तिने ते वस्त्र विणले होते, हे आनंदालाही जाणवते व तो मध्यस्थी करतो. त्यानंतर भगवंत व्यक्तीस दिलेले दान आणि संघास दिलेले दान यांचा भेद विशद करतात आणि संघदानास श्रेष्ठ ठरवितात. संग्रहालय म्हणजे संघ नव्हे, हे उघड आहे. परंतु जिव्हाळ्याची वस्तू एका व्यक्तीच्या हाती न देता अनेकांच्या स्वाधीन करणे, हे तत्त्व दोन्हीकडे समान आहे.

मात्र दिले म्हणजे कर्तव्य संपले, अशी समजूत प्राचीन दात्यांची नव्हती. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताचा लेख पाहावा. त्याने संघासाठी ३,००० कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेविले: २,००० दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि १,००० दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मूळ रक्कम परत घ्यावयाची नाही, केवळ व्याजाचा उपभोग घ्यावयाचा, अशी अट आहे. त्या व्याजातून कोणता खर्च व्हावा हेही नमूद आहे. शिवाय हे सर्व निगमसभेत ऐकविण्यात आले व फलकावर नोंदविण्यात आले, असे लेख सांगतो. दाता, वस्तू, अट, साक्षीदार सभा आणि नोंद यांपैकी काहीही सुटलेले नाही. आपल्याकडील काही दाते मात्र एखाद्या जयंतीच्या कार्यक्रमात हारतुऱ्यांच्या गर्दीत वस्तू देऊन मोकळे होतात, आणि दहा वर्षांनी ती कोठे आहे हे कोणासही सांगता येत नाही.

घेणाऱ्याच्या जबाबदारीविषयी विनयपिटकही स्पष्ट आहे. चुल्लवग्गात संघाच्या पाच प्रकारच्या वस्तू ‘अविस्सज्जिय’, म्हणजे कोणासही देऊन टाकता न येणाऱ्या, म्हटल्या आहेत. त्यांत आराम व विहार आहेत, तसेच मंचक, आसन, लोखंडी कढई, कुऱ्हाड, कुदळ आणि मातीची भांडीही आहेत. संघाने, गणाने वा एखाद्या भिक्खूने ती दिली तरी ती दिली गेली असे मानले जात नाही. देणाऱ्यास मात्र थुल्लच्चय हा दोष लागतो. कोणत्याही संग्रहालयाच्या विश्वस्तांनी हा भाग वाचण्यासारखा आहे.

तेव्हा दानपत्र लेखी करावे. पदकावर ज्यांचा वारसाहक्क आहे त्या सर्वांची संमती त्यावर असावी. बहिणींच्या सह्या विसरल्या जातात, त्या विसरू नयेत. वस्तू कायमची दिली आहे की काही मुदतीसाठी ठेव म्हणून, संस्था बंद पडल्यास ती कोणाकडे जावी, आणि संस्थेस ती पुढे दुसऱ्यास देता येईल काय, हे त्यात लिहावे. संग्रहालयाच्या नोंदवहीतील क्रमांक मागून घ्यावा व तो दानपत्राच्या आपल्या प्रतीवर उतरवावा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांपूर्वीची ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावस्तू ठरते, आणि ती खासगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाही. पहिल्या महायुद्धातील पदकांनी ती शंभरी ओलांडली आहे. परदेशी स्थायिक झालेल्या मुलांकडे ती पाठवू इच्छिणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

मोठ्या स्मारकांचा इतिहासही अशाच खासगी हातांतून सुरू झाला आहे. नागपूरजवळील चिचोलीच्या शांतिवनातील बाबासाहेबांच्या वस्तू नानकचंद रत्तू यांनी वामनराव गोडबोले यांच्या स्वाधीन केल्या होत्या. पुण्याच्या सिम्बायोसिस संस्थेतील संग्रहालयास माईसाहेबांनी वस्तू दिल्या. परंतु शिपायाचे पदक, जलशाची वही, ‘जनता’चा जुना अंक, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर नेसलेले पांढरे लुगडे, या वस्तूंची जागा तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या संग्रहालयात आहे, जेथे गावातील मूल चालत जाऊन त्या पाहू शकेल. अर्थात तेथे कुलूपबंद कपाट आहे की नाही, हे आधी स्वतः जाऊन पाहावे.

वस्तूबरोबर तिची हकीकत द्यावयाची असते, आणि हे काम लांबणीवर टाकता येण्यासारखे नाही. ज्यांनी विशीत दीक्षा घेतली ते आज नव्वदीच्या घरात आहेत. ते लुगडे कोणी नेसले, नागपूरला कशाने गेले, बरोबर कोण होते, हे त्यांच्याच तोंडून ऐकून, सांगणाऱ्याचे नाव व तारीख घालून लिहून घ्यावे. छायाचित्रांतील नावे मागील बाजूस मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहावीत. जुन्या अंकांना चिकटपट्टी लावू नये व दीक्षेचा दाखला प्लॅस्टिकमध्ये कायमचा बंद करून घेऊ नये, कारण ते आवरण पुढे काढता येत नाही. पदक देण्यापूर्वी ते चिंचेने वा राखेने घासून लख्ख करण्याचा मोह अनेकांस होतो. तसे करू नये. घासण्याने कडेवरील अक्षरे झिजतात. फीत विरलेली असली तरी ते फितीसकट, जसे ट्रंकेत होते तसेच, द्यावे.